वयाचं नव्हे, गोळीचं दुखणं

अकोल्याच्या विहारात वंदना आटोपली आणि मला जमिनीवरून उठताच येईना. मांड्यांत जोरच उरला नव्हता. धाकट्या जावेनं काखेत हात घालून उभं केलं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करून तेव्हा काही महिनेच झाले होते. पुढच्या आठवड्यात जावेनं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. मी बसले नाही, भिंतीला टेकून उभी राहिले.

माझे डॉक्टर अमरावतीला, राजापेठेत. ते म्हणाले, "वय झालं ताई. आता खुर्चीवरच बसत जा."

"माही माय ऐंशीच्या घरात हाये अन् अजून खाली बसून भाकरी थापते. मले काहून खुर्ची? गोळी सुरू झाली तवापासून हे चालू हाये. रक्त तपासा."

"गोळीला उगाच दोष देऊ नका."

"मंग तपासून मले खोटं पाडा. तवरोक मी इथून हालत नाही."

त्यांनी चिडूनच चिठ्ठी लिहिली. रिपोर्ट पाहिल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. गोळीनं माझे स्नायू झिजत होते. त्यांनी ती त्याच दिवशी बंद केली. पायांत बळ यायला अख्खा पावसाळा गेला. जिना चढताना कठडा अजूनही धरावा लागतो आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

कोलेस्टेरॉल तर होतंच. डॉक्टर दुसरी गोळी लिहू लागले, तेव्हा मी चिठ्ठीवर हात ठेवला. "हिच्यानं काय काय होऊ शकते, ते आधी सांगा."

बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टर मागे टेकून बसले आणि सांगू लागले.