तुळजापूरचे दोन दिवस आणि जावयाची माळ

ज्यांचे नवरे पितात अशा बायांसाठी तुळजापुरात दोन दिवसांचं शिबिर आहे, राहणं-खाणं फुकट, एसटीचं तिकीटसुद्धा तेच देणार, असं आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनची बायको सांगत आली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुष्काळात कोण कुणाला फुकट भाकरी घालतं? मागं असंच शिबिर म्हणून बायांना जीपमधून नेलं होतं आणि पोरं बंद व्हायचं ऑपरेशन करून परत आणून सोडलं होतं.

तरी गेले, ते सुमीपायी. माझी लेक. नवऱ्याच्या हातभट्टीला कंटाळून संक्रांतीपासून माझ्याकडं राहत होती. ऐन उन्हाळ्यात जावयानं देवीची कवड्यांची माळ गळ्यात घालून शपथ घेतली आणि निरोप धाडला, सोडून महिना झाला, रविवारी तुळजापूरहूनच तिला घरी नेतो. सुमीला ते खरं वाटलं. मला नाही वाटलं. एकदा ती त्या घरात परत गेली की पुन्हा निघणं अवघड, हे मला ठाऊक होतं.

शनिवारी पहाटे अणदूरपर्यंत पायी गेलो. तिथून नळदुर्ग, मग गाडी बदलून तुळजापूर. कुणाला जायचं असंल तर पाणी घरूनच घ्या, नळदुर्गच्या स्टँडवरचा रांजण कोरडा ठणठणीत होता. वाटेत जिकडंतिकडं खडी फोडणाऱ्या बाया. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, देवीला का?" मी म्हणलं, "दारूपायी." बिचारा तिकीट फाडून गपगुमान पुढं सरकला.

देवळामागच्या एका धर्मशाळेत सतरंज्या टाकल्या होत्या. अंथरूण आपलं आपण न्यावं, सतरंजीतनं फरशी टोचते. जेवायला ज्वारीची भाकरी, पातळ वरण, ठेचा. वाढणाऱ्या बाया त्याच पातेल्यातलं खातात का ते आधी बघितलं, मगच सुमीला जेवू दिलं. दवाखान्याची पेटी कुठं दिसते का म्हणून मागच्या खोल्यासुद्धा धुंडाळल्या. एका खोलीत झाडू निघाले, दुसरीत गोवऱ्या.

शिबिर घेणाऱ्या बाई सोलापूरच्या. चष्मा, खादीचं लुगडं, आवाज मऊ. मऊ आवाजाच्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. त्या म्हणाल्या, नवऱ्याचं सांगू नका, तुमचं सांगा. मी म्हणलं, पितो तो, आन आमाला कशाला विचारता? त्या नुसत्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, देवीची शपथ कुणाकुणाच्या नवऱ्यानं घेतलीय?

जवळजवळ सगळ्या हॉलचे हात वर. बाया एकमेकींकडं बघून हसायला लागल्या आणि हसता हसता गप झाल्या. सुमीचाही हात वर होता.

उमरग्याकडची एक म्हातारी बसली होती माझ्या शेजारी. तिनं सांगितलं, तिचा नवरा प्यायच्या आधी माळ काढून खुंटीला अडकवायचा, पिऊन चूळ भरायचा, झोप झाली की अंघोळ करून परत गळ्यात घालायचा. त्याच्या हिशेबी शपथ मोडलीच नाही.

"मग तुमाला कळलं कसं?" सुमीनं विचारलं.

"गळ्यातल्या माळेचा दोरा घामानं काळा पडतो गं. खुंटीवरचा पांढराच ऱ्हातो."

मी उठून बाईंना गाठलं. म्हणलं, आता सांगा माझ्या पोरीला, जाऊ नको म्हणून. त्या म्हणाल्या, ते मी सांगणार नाही, तिचं तिला ठरवू दे. असा राग आला मला. मग दोन दिवस कशाला बसवलं आमाला?

रविवारी दुपारी जावई स्टँडवर आला. दाढी केलेली, सदरा धुतलेला. "मामी," म्हणून माझ्या पाया पडला. सुमी सरळ पुढं झाली आणि त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातनं माळ बाहेर ओढली. उन्हातान्हात पाझर तलावाची माती उचलणारा माणूस, आणि कवड्या ओवलेला दोरा आजच दुकानातनं आणल्यासारखा पांढराफेक.

"काळी झाली की या," ती म्हणाली.

सगळं स्टँड बघत होतं. तो माझ्यावर उखडला, "मामी, तुमीच शिकिवलं हिला."

"मला कुठं येतंय एवढं," मी म्हणलं. खोटं नव्हतं ते.

आल्या वाटेनं आम्ही दोघी परत आलो. त्या शिबिराच्या मागून कुणीतरी काहीतरी मागायला येणार, अंगठा घेणार, पुढारी हात जोडत येणार, म्हणून मी लई दिवस दाराकडं डोळा ठेवला. कुणीच आलं नाही. तेव्हा जायचं तर जा, ऑपरेशन करत नाहीत. पण मागच्या खोल्या बघून घ्याच. आणि मी पोरीला जन्मभर सांगून जे झालं नाही, ते एका अनोळखी म्हातारीच्या बोलण्यानं झालं, याचा थोडा राग अजून आहे.

दिवाळी झाल्यावर जावई आला. दारातच बसला, आत या म्हणलं तरी आला नाही. माळेचा दोरा काळाकुट्ट. मला चुलीच्या काजळीचा संशय आला. नाक लावून बघितलं, धुराचा वास नव्हता, घामाचाच होता. तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं नाही. पदर वला केला आणि घासायला लागले. मळ निघाला, खालचा दोरा काळाच. अजून जोरात घासली. तो मान खाली घालून बसला होता.

सुमीनं मागून येऊन माझा हात धरला.

"आई, बास कर. तुटंल ती."