बसून खायचे दिवस

आमच्या युनियनच्या पेन्शन फंडात पैसे साचायला हवे होते. साचले किस्से! पिरंगुटच्या टपरीवर आम्ही रिटायर मंडळी चहाला बसलो की एक तरी निघतोच.

उरवड्याच्या कारखान्यात आमचे सेक्रेटरी अण्णा दर महिन्याला गेट मीटिंग घ्यायचे. सरकारी पेन्शन औषधपाण्यातच संपणार, म्हणून युनियनचा वेगळा फंड त्यांनीच काढला होता. पगार झाला की आम्ही वर्गणी भरायचो. ऑफिसातली लाकडी खुर्ची बाहेर आणून अण्णा तिच्यावर चढायचे आणि ओरडायचे, "आत्ता उभं राहून कमवा! म्हातारपणी खुर्चीत बसून खायचं! ह्यो माझा शब्द हाय!"

सगळ्यात जोरात टाळ्या बाबूभाईंच्या. ड्रिलिंग मशीनवर उभं राहून राहून त्यांचे गुडघे गेले होते. मशीन शॉपमध्ये स्टूल ठेवायला बंदी होती.

*

रिटायर झाल्यावर बाबूभाई हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. अंगठा लावला. पुन्हा लावला. मग एकेक करून सगळी बोटं झाली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मशीन तुम्हाला ओळखत नाहीये."

"कसं वळखंल, ताई? मशीननंच तर पुसलीत बोटं!"

शेवटी डोळे स्कॅन करून ते हयात ठरले. त्याबद्दल आम्हाला चहा त्यांनीच पाजला.

*

मग कारखाना बंद पडला, वर्गणी थांबली, आणि ज्या पतसंस्थेत फंड ठेवला होता तिचं शटर एका सकाळी उघडलंच नाही. समाजमंदिरात सभा झाली. अण्णा म्हणाले, "फंड बुडाला न्हाई. फकस्त सध्या दिसत न्हाई."

पॅकिंगमधल्या सुमनबाई उठल्या. "अण्णा, मुळशी धरणात बुडालेली देवळं बी उन्हाळ्यात दिसत्यात. ह्यो कुटल्या उन्हाळ्यात दिसंल?"

अण्णा खाली बसले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. एक पैसा खाल्ला नव्हता त्यांनी. त्यांची स्वतःची वर्गणीही तिथंच गेली होती. सवयीनं ते पुटपुटले, "कामगार एकजुटीचा..."

आम्हीही सवयीनं म्हणालो, "विजय असो!" आणि चपला शोधायला लागलो.

*

बाबूभाईंनी भूगावात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. घर चालवायला दुसरा इलाज नव्हता. गेटवर प्लॅस्टिकची खुर्ची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी अण्णांना फोन केला.

"अण्णा, तुमी शब्द पाळला! खुर्चीत बसून खातुय!"

त्यानंतर बरेच दिवस अण्णा टपरीवर फिरकले नाहीत.

*

ती खुर्चीही टिकली नाही. वॉचमन पेंगतो, अशी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार आली आणि चेअरमननं खुर्ची उचलून नेली. पुन्हा शिफ्टभर उभं! बाबूभाईंचे गुडघे टम्म सुजले. माझं डोकंच फिरलं. मी जाऊन अण्णांना सांगितलं.

त्याच आठवड्यात युनियन ऑफिसची खोली मालकाला परत द्यायची होती. बोर्ड आणि कपाट भंगारात गेलं. ती लाकडी खुर्ची मात्र अण्णांनी रिक्षात घातली. मी शेजारी तिचे पाय धरून बसलो. भूगावात गेटसमोर उतरून अण्णांनी खुर्ची मांडली, रुमालानं पुसली आणि म्हणाले, "बस, बाबू."

दोन्ही हातांवर जोर देत बाबूभाई हळूच बसले. अण्णा शेजारी उभे राहिले.

तेवढ्यात चेअरमनची गाडी आली. काच खाली झाली.

"काका, गेटवर चेअर अलाउड नाहीये, सांगितलं होतं ना? कुणाची आहे ही?"

बाबूभाई उठले नाहीत.

"माझी पेन्शन हाय, साहेब."