सहावी पायरी माझीच

मित्रांनो, लॅपटॉपमधल्या फायलींना कुलूप लावून त्याची किल्ली मशीनमधल्या चिपमध्ये कशी ठेवायची, ते मी मागे इथे मराठीत लिहिलं होतं. तुम्ही भरभरून लाईक दिलेत. आज ते काढून घ्या.

सकाळी तिकोणा पेठेतले दत्ताभाऊ माझ्याकडे तळेगावला आले. ते घरी पर्यटक उतरवतात. चोरीच्या भीतीने त्यांनी माझं वाचून लॅपटॉपला कुलूप लावलं होतं. वारलेल्या लेकीचे सगळे व्हिडिओ त्यात, दुसरीकडे कुठेच नाहीत.

गेल्या आठवड्यात मदरबोर्ड जळला. लोणावळ्यात नवा बसवला, जुन्याबरोबर चिप गेली, तिच्यातली किल्लीही. आता स्क्रीन कुलूप लावताना मिळालेले सुटकेचे अठ्ठेचाळीस आकडे मागत होती.

“आकडे कुठे ठेवलेत, भाऊ?”

“ह्याच्यातच की. तुमी लिवलंय, सुरक्षित जागी ठेवा. कुलूप लावल्यावर ह्याच्यापरीस सुरक्षित जागा कुटं हाय?”

त्यांनी माझ्या लेखाचा छापील कागद पुढे केला. प्रत्येक पायरीवर पेनाने बरोबरची खूण होती.

मी सांगितलं, आता हे कुणालाच उघडता येणार नाही.

“व्हय, ते बी लिवलंय हितं,” म्हणत त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ती मी फुशारकीने ठळक केली होती.

“लय वेळ घेतला तुमचा,” म्हणाले आणि गेले.

मग मी सहाव्या पायरीत, ‘सुरक्षित जागी ठेवा’च्या पुढे, एक वाक्य घातलं: ‘आकडे कागदावर लिहा, लॅपटॉपमध्ये नको.’ मिनिटभर लागलं.

तुमच्यापैकी आणखी किती जणांनी माझं तंतोतंत ऐकलंय?