जखमा रंगवणारी वहिनी

माझी वहिनी पोटासाठी जखमा रंगवते. ऐकणारा आधी हसतो, मग दचकतो. नाटक कंपनीत वीस वर्षं तिने लोकांना म्हातारं केलं, तरुण केलं, राजे केलं. दादा गेला, मागोमाग कंपनीही बसली, तेव्हा मीच शब्द टाकून तिला आमच्या केंद्रात कामाला लावलं. इथे सैनिकांना जखमींवरचे उपचार शिकवतात आणि मी तिथला उस्ताद. मेण, रंग आणि साखरेचा पाक एवढ्यावर वहिनी अशी फाटलेली मांडी उभी करते की पहिल्या दिवशी निम्मी तुकडी पांढरीफटक पडते.

तिच्या जिभेला धार आहे. सगळं केंद्र मला टरकून असतं, ही मात्र चारचौघांत विचारते, "भाऊजी, ओरडून रक्त थांबत असतं तर पट्ट्या कशाला लागल्या असत्या?"

त्या दिवशी परीक्षा होती. बारा जवानांनी जखमी होऊन मैदानात पडायचं, शिकाऊ मंडळींनी त्यांना शोधून उपचार करायचे आणि मी गुण द्यायचे, उपचारांना आणि पडणाऱ्यांच्या सोंगालाही. सकाळची दौड करून आलेले जवानच आडवे केले होते. वहिनी म्हणाली, "ऊन चढतंय. निदान पडणाऱ्यांना सावलीत ठेवा." मी फाडकन बोललो, "लढाईत कुणी मांडव घालत नाही, वहिनी. तुम्ही तुमच्या रंगाचं बघा." शिकाऊ पोरं खिदळली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रत्येक जखमीच्या गळ्यात चिठ्ठी असायची. पडक्या भिंतीपाशी पडलेल्या जवानाला सगळे लंबू म्हणायचे. त्याच्या चिठ्ठीत होतं: डोक्याला मार, बरळतो, हाकेला नीट उत्तर देत नाही. आता कुणाला खरंच काही झालं तर त्याने 'खेळ बंद' असं ओरडायचं, हा नियम. नियम मीच केलेला. बरळणारा माणूस ते कसं ओरडणार, हे माझ्या सुपीक डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा एक शिकाऊ मुलगी लंबूच्या डोक्याला पट्टी गुंडाळत होती. तो हात झटकत होता, आईला हाका मारत होता. "नाव काय तुझं?" मी विचारलं.

"घरी जायचंय," तो म्हणाला.

"वा रे पठ्ठ्या!" मी हसलो, वहीत टिपलं आणि पुढे गेलो.

वहिनी डबा घेऊन एकेकाचा रंग सारखा करत फिरत होती. पंधरा-वीस मिनिटांनी तिची हाक आली. "भाऊजी, इकडे या. ह्याचा रंग ओघळला नाहीये."

"मग चांगलंच आहे की."

"अहो, बाकीच्या अकरा जणांचे चेहरे दोन-दोनदा पुसले मी! ह्याला घामच नाही." तिने त्याच्या मानेला हात लावला आणि ताडकन उभी राहिली. "खेळ बंद! खेळ बंद!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षा थांबवायची ती मी, ही कोण लागून गेली? "वहिनी, बाजूला व्हा!"

तिने सगळ्या तुकडीसमोर माझं मनगट धरलं आणि हात लंबूच्या सदऱ्यात खुपसला. छाती तव्यासारखी तापली होती. घामाचा टिपूस नव्हता. उष्माघात! माझी पाचावर धारण बसली.

"ताडपत्री आणा! बर्फ आणा, पिण्याचं पाणी आणा, असेल ते आणा!" मी ओरडलो. आम्ही त्याचे कपडे कापले, त्याला ताडपत्रीवर घेतलं, चौघांनी कडा उचलून धरल्या आणि मध्ये बर्फाचं पाणी ओतलं. ताप मोजला. एक्केचाळीस पॉइंट आठ सेल्सियस, म्हणजे एकशे सात फॅरनहाइटच्या वर. लंबू डोळे फिरवत होता. शिकाऊ मुलगी रडत रडत पाणी ढवळत होती. वहिनी त्याचं डोकं पाण्याबाहेर धरून बसली होती आणि शिव्या घालत होती, "मेल्या, डोळे उघड. उघड म्हणते ना!" मी काय केलं? दर मिनिटाला ताप बघितला आणि मनातल्या मनात हात जोडले.

लंबू वाचला, हे इथेच सांगून टाकतो. ताप एकोणचाळीसच्या खाली आला तेव्हा तो दात वाजवत म्हणाला, "थंडी वाजतेय," आणि आमच्या जिवात जीव आला. आम्ही त्याला बाहेर काढून गुंडाळलं.

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी धरूनच विचारलं, "हा बरळायला कधी लागला? नक्की वेळ हवी मला, अंदाज नको."

वेळ कुणालाच सांगता येईना.

माझ्याकडे होती. वही माझ्या खिशात होती. क्षणभर वाटलं, गप्प राहावं. मग वही काढली. शिकाऊ पोरं गोळा झाली होती, वहिनी भिजलेल्या साडीत जमिनीवरच बसली होती. त्या सगळ्यांदेखत मी माझंच अक्षर मोठ्याने वाचलं.

"दहा पन्नास. अभिनय उत्तम. दहापैकी दहा."

डॉक्टरीणबाईंनी वेळ लिहून घेतली. मी वहिनीकडे बघितलं. आता ती चारचौघांत माझे वाभाडे काढणार होती आणि मला ते हवेच होते. तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.