पुश्त्याखालचा अळू

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मी मधूनच उड्या मारत सांगेन आणि कोणालाच काही कळणार नाही. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत गणपतीला जी अळूची भाजी होते ना, तिची पानं आमच्या समोरच, यमुनेच्या काठावर पिकतात. चार-पाच घरांतल्या बायका ती पिकवतात. त्यातली जी पहिली, जिला मी चाची म्हणते, तिचा मला इतका अभिमान आहे की ऑफिसातल्या सगळ्यांना हे सांगून सांगून मी पकवलंय. आता तुम्ही सापडलात.

आणि हो, यात एक मोठ्ठी चूक आहे. ती माझी.

मी तेव्हा अकरावीत होते. मेट्रो आली नव्हती, नुसते खांब उभे राहत होते, आणि पलीकडे नॉयडात बघावं तेव्हा नवा टॉवर. आमच्या गेटमधून बाहेर पडलं की रस्ता, रस्ता ओलांडला की पुश्ता, म्हणजे नदीचा बांध, आणि पुश्ता उतरलं की एकदम गाव! खरंच. वर एटीएम, खाली झोपड्या, हातपंप, म्हशी आणि भाजीची शेतं. तिथली माणसं बहुतेक बदायूंकडची. जमीन त्यांची नाही, मालकाकडून वर्षाच्या बोलीवर कसायला घेतलेली.

चाची पुश्त्याच्या उतारावर टोपली घेऊन बसायची. हिवाळ्यात गोभी, मेथी, मुळे. आई तिची पक्की गिऱ्हाईक, कारण आईला भाजीपेक्षा भाजीवालीशी गप्पा मारायला जास्त आवडतं. त्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी आम्ही दोघी गेलो तर चाची टोपलीशिवाय बसलेली.

"आज कुछ नाही?" असं आईने तिच्या त्या मराठी हिंदीत विचारलं.

"भादों में क्या बेचूँ, भाभीजी? पालक गल गई, लौकी बह गई। बस अरबी खड़ी है, पर वो तो दिवाली के आसपास खुदेगी।"

मग तिने सगळं सांगितलं. भादव्यात हातात काही येत नाही, म्हणून दर वर्षी झोपडीला कुलूप लावून सगळी जणं नॉयडाच्या टॉवरवर विटा वाहायला जायची. चाचा, ती, कडेवरची दोन पोरं. तिथे प्लास्टिकच्या खाली राहायचं आणि मीठ-मिरचीशी रोटी खायची. आणि इकडे शेतावर माणूस नाही म्हटल्यावर रानडुकरं येऊन अरबीचे कंद उकरून खायची. गेल्या वर्षी परत आले तर निम्मं शेत उलटंपालटं. या वर्षी मालकाने साफ सांगितलं होतं की पुन्हा शेत सोडून गेलात तर जमीन दुसऱ्याला देईन.

"रुकें तो खाएँ क्या, जाएँ तो खेत गया," चाची म्हणाली, आणि हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? पण ती तशीच आहे.

आईचं लक्ष मात्र तिच्या मागे होतं. हिरवंगार शेत, हत्तीच्या कानाएवढी पानं, आणि बांधावर तोडून टाकलेल्या पानांचा ढीग.

"अगं, हा तर अळू!" आई मराठीतच ओरडली. "आणि तुम्ही फेकताय?"

"मंडी में पत्ता कौन लेता है?"

बस. आईचं ते तोंड मला माहीत आहे. घरी येऊन तिने चपला काढायच्या आधी काकूंना फोन लावला. काकू म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. तीस वर्षं सरकारी नोकरी करून रिटायर झालेल्या, त्यामुळे घरातसुद्धा मीटिंग घेतल्यासारख्या बोलतात. अळूसाठी दर गणपतीला अर्धी दिल्ली पालथी घालावी लागते, मिळतो तो सुकलेला आणि सोन्याच्या भावाने, हे त्यांना माहीत होतंच. ठरलं. ऋषिपंचमीच्या महाप्रसादाला चाचीची पानं. चांगली निघाली तर गौरीच्या जेवणाला आणि मग मंडळातल्या सगळ्या घरांना, पितृपक्षापर्यंत.

आईने हे सांगितलं तेव्हा चाचीने बोटांवर काहीतरी हिशोब केला. मग चाचाला हाक मारून म्हणाली, "सुनो, ठेकेदार को मना कर दो।"

म्हणजे कळलं ना? आमच्या भाजीच्या भरवशावर त्यांनी त्या वर्षीचं विटांचं काम सोडलं.

आता माझा पराक्रम ऐका.

ऋषिपंचमीला सकाळी सहा वाजता आईने मला सायकल आणि दोन मोठ्या पिशव्या देऊन पाठवलं. चाची रॉकेलच्या लाईनीत गेली होती. चाचा लांब शेताच्या दुसऱ्या टोकाला. तो ओरडून म्हणाला, "बिटिया, रुक जा, वो आके काटेगी।"

मला आणि थांबायला सांगायचं! मी रांगेत उभी राहिले तरी पाय नाचतात माझे. हातपंपाच्या ओलीला काही बुटकी, काळपट देठांची झाडं होती. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही. शेतातली ती मोठ्ठी हिरवी पानं दिसत होती ना! मी विळा उचलला.

"अरे चाचा, पत्ता ही तो है!" असं ओरडले आणि दोन्ही पिशव्या भरून पळाले.

दुपारी पार्किंगमध्ये पंगत बसली. भाजी दिसायला काय सुंदर होती! चण्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, चिंच-गूळ, वर फोडणी. सगळ्यांनी वा वा केलं. मग बाबांनी घसा खाकरला. मग शेजारच्यांनी. मग अख्खी पंगत खाकरायला लागली, पण बोलेना कोणी, कारण प्रसाद! शेवटी एक छोटी मुलगी जीभ बाहेर काढून भोकाड पसरून रडायला लागली आणि काकू उभ्या राहिल्या.

"ताक आणा! लिंबं कापा! कोणी भाजी खाऊ नका!"

"आता सांगून काय उपयोग?" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी दोनदा घेतली."

लोक हसले, पण काकू नाही हसल्या. शंभर माणसांसमोर त्यांच्या मंडळाचा महाप्रसाद खाजला होता. "कुठली ती बाई? काय पिकवते आणि काय विकते! गार्डला सांगा, तिला गेटच्या आत सोडायचं नाही. गौरीचं मी बघून घेईन."

आणि मी? मी खुर्च्यांच्या मागे उभी राहून माझे हात कुर्त्याला पुसत होते. सकाळपासून खाजत होते ते. लालेलाल. मला तेव्हाच कळलं होतं की मी काहीतरी घोळ घातलाय, आणि मी एक शब्द बोलले नाही. हे लिहिताना आताही कसंतरी होतंय.

आईने माझे हात बघितले. घरी आल्यावर विचारलं, "चाचीने कापून दिली पानं?"

मी हात पाठीमागे लपवले.

"म्हणजे तू कापलीस."

"मोठी होती गं."

"हं. आता जायचं. आधी पुश्त्याखाली, मग काकूंकडे. या क्रमाने."

मी खाली गेले तेव्हा गार्डचा निरोप तिथे आधीच पोचला होता. चाचा पथारी गुंडाळत होता. ठेकेदार अजून घेईल का ते विचारायला संध्याकाळीच निघणार होता. मी एका दमात सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. चाचीने ऐकून घेतलं. रागावली नाही, पण हसलीही नाही. पहिल्यांदाच.

"वो तो मंडी के बीज की है, उसकी गाँठ बिकती है। उसका पत्ता तो मेरी भैंस भी नहीं छूती। मुझसे पूछ तो लेती।"

मग माझं मनगट धरून मला हातपंपाकडे नेलं. ती काळपट देठांची झाडं. तिच्या माहेरची. दिल्लीला आली तेव्हा चार कंद पदरात बांधून आणले होते. बेसन असेल त्या दिवशी ती त्या पानांचे पतौड़े करायची, म्हणजे आपल्या अळूवड्यांच्या बहिणीच. तिने एक पान चुरगळलं आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घासलं. काही नाही. मग शेतातलं एक पान माझ्या मनगटाला अगदी जरासं लावलं. आई गं!

"हमारी माँ ने ऐसे सिखाया। तुम लोगों ने सोचा, हमको बेचना आता है, खाना नहीं आता?"

यार, खरंच होतं ते. अंगणात शंभर माणसांना पुरेल एवढं ज्ञान बसलेलं होतं आणि आमच्यातल्या एकानेही तिला विचारलं नव्हतं की यातलं खायचं कुठलं.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. तिने काळ्या देठांची दहा पानं कापली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघाली.

गार्डने अडवलं. मी भांडले. माझा आवाज मोठा आहे, त्यामुळे काकू खाली आल्या, आई आली, आणखीही बरेच जण आले. बरंच झालं, कारण मला ते सगळ्यांसमोरच बोलायचं होतं.

"काकू, पानं मी कापली. चाची तिथे नव्हती. चाचा थांब म्हणत होता, मी थांबले नाही. चूक माझी आहे, यांची काही नाही."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "खाजरा अळू ओळखता येत नाही तुला?"

"मला 'खाजरा' हा शब्दच आज कळला."

"दिल्लीत वाढलेली पोरं! मोमोज बरे ओळखता येतात." मग त्या चाचीकडे वळल्या आणि ऑफिसच्या हिंदीत म्हणाल्या, "इस पत्ते की क्या गारंटी है?"

चाचीने पान चुरगळून आपल्या मनगटावर घासलं आणि हात पुढे धरला.

"आपका हाथ तो मेहनत का है, पक्का है," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी काय केलं असेल? हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि आपला गोरा, मऊ हात पुढे केला. "यहाँ लगाइए।"

चाची क्षणभर बघत राहिली. मग तिने पान घासलं. चांगलं जोरात.

सगळे पुढे सरकले. गार्डसुद्धा वाकून काकूंच्या मनगटाकडे बघत होता. एक मिनिट. दोन मिनिटं. चाची हलली नाही. मी मात्र मनात सगळे देव गोळा केले होते.

"हं," काकू म्हणाल्या.

"हं म्हणजे काय हो?" आईला राहवेना.

"हं म्हणजे गौरीच्या दिवशी सकाळी पन्नास पानं." मग चाचीला म्हणाल्या, "आप खुद लाइएगा। गेट पर कोई नहीं रोकेगा। और ये लड़की पत्ते को हाथ नहीं लगाएगी।"

अख्खं गेट हसलं. चाचीही. मी सगळ्यात जास्त.

गौरीच्या दिवशी चाची आली, पानांच्या जुड्या केळीच्या सोपटाने बांधून, जिना चढून काकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत. काकूंनी तिला हळदीकुंकू लावलं आणि आमच्या पंगतीत बसवलं. आमची भाजी खाऊन ती म्हणाली, "पत्ते में दाल डाल दी? अच्छा है।" मग वडी खाल्ली आणि म्हणाली, "इसमें थोड़ी अजवाइन डालो, भाभीजी।" काकूंनी तोंड वाकडं केलं. पण पुढच्या वर्षी त्यांच्या वडीत ओवा होता. कबूल करत नाहीत, पण होता! मी खाल्लाय.

ती थोडीशीच झाडं होती, शंभर माणसांना पुरणारी नव्हती. पण रोज आठ-दहा घरांना पुरली. आईने फोन लावून लावून गिऱ्हाइकं जोडली. खालच्या मजल्यावरचे बंगाली, समोरच्या ब्लॉकमधले गुजराती, सगळ्यांना अळू हवाच होता, कोणाला मिळत नव्हता इतकंच. चाचाची पथारी पुन्हा उलगडली गेली. शेतावर माणूस आणि कुत्रा दोन्ही होते, त्यामुळे रानडुकरं फिरकली नाहीत, आणि दिवाळीच्या आधी अख्खं शेत खोदलं गेलं. मालक बघायला आला आणि पुढच्या वर्षाची बोली तिथेच, बांधावर झाली.

काळ्या देठांचे कंद चाचीने पुढच्या उन्हाळ्यात ओलीच्या कडेने लांबपर्यंत लावले. शेजारच्या चार घरांनाही दिले. मी विचारलं, धंदा वाटला जाईल ना तुझा? तर म्हणाली, "अकेली कितने घर जाऊँगी? और भादों तो सबका खाली है।"

काल मी गेले होते. आता मी नॉयडातल्या ऑफिसात काम करते, मेट्रोने येते-जाते, डब्यातून ते शेत दिसतं आणि मी रोज खिडकीशी उभी राहते. भादवा चालू आहे. पूर्वी या महिन्यात त्या झोपड्यांना कुलपं असायची. काल पाचही चुली पेटलेल्या होत्या, चाचीची पोरं शाळेचे युनिफॉर्म न काढताच पतौड़े खात होती, आणि चाचा खाटेवर पडून त्यांना सांगत होता, माझ्यासाठी ठेवा, माझ्यासाठी ठेवा.

मला घरी पानं न्यायची होती. सवयीने विळ्याकडे हात गेला.

"तू बैठ," चाची म्हणाली, आणि विळा आपल्या मागे ठेवला.

"अजून? इतकी वर्षं झाली!"

तिने एक पान तोडलं, माझं मनगट ओढलं आणि घासलं. मग माझ्या तोंडाकडे बघत बसली, अगदी त्या दिवशी गेटवर काकूंकडे बघत होती तशी.

"क्या हुआ?" ती म्हणाली. "पत्ता ही तो है।"