काकींचा कॉश्च्युम

टेमघरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. रस्त्याला लागून एक खोली, दोन मशिनी आणि माप घ्यायला पडदा लावून केलेला कोपरा. त्या वर्षांत नाशिक हायवेच्या बाजूने गोदामं उभी राहत होती. ज्यांची शेतं त्या गोदामांखाली गेली आणि हातात पैसा आला, त्या घरांतल्या बायका माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त ब्लाउज टाकायला लागल्या होत्या. शेजारच्या शेलार गावच्या एक काकी त्यांतल्याच. पन्नाशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या. ब्लाउज बिघडला तरी काही न म्हणता घालायच्या, फक्त पुढच्या वेळी सांगायच्या की बगलेत मुंढा जरा सैल ठेव.

एका उन्हाळ्यात त्या सुनेला घेऊन आल्या. काकींचे गुडघे दुखायचे, चालणं कमी झालं होतं आणि डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करायला सांगितलं होतं. ठाण्यात एका तरण तलावावर दुपारी फक्त बायकांची बॅच असायची. पण तिथे साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर पाण्यात उतरू देत नव्हते, कॉश्च्युमच लागायचा. सुनेचं म्हणणं होतं की विकतचे कॉश्च्युम काही आईंसारख्या बाईने घालायचे नसतात, तुम्हीच शिवून द्या. पूर्ण हात, खाली घोट्यापर्यंत लेगिंग आणि वरून गुडघ्याएवढा घेरदार झगा, असं तिने डोक्यात पक्कं करून आणलं होतं. काकी स्टुलावर बसून माझ्या कात्रीकडे बघत होत्या.

मी तोवर कॉश्च्युम हातात धरून पाहिलेला नव्हता. अंग मात्र मला कळायचं. काकींचे खांदे रुंद, छाती जड, कंबर आणि पोट एका रेषेत, आणि पाय बारीक, सरळ. असं अंग असलं की मी गळा थोडा खोल आणि उभट काढायची, बाही कोपरापर्यंत आणायची, पाठीला गोंडे लावायची नाही. अंग बदलता येत नाही, बघणाऱ्याची नजर दुसरीकडे वळवता येते. अठरा वर्षं मी तेच करत होते आणि मला त्याचे चांगले पैसे मिळत होते.

कापडाची अडचण निघाली. आमच्या गावात सगळीकडे लूम चालू, पण त्यावर निघायचं ते ताठ कापड, ताणलं जाणारं एक वीतभर मिळेना. शेवटी कल्याणहून काळं होजिअरीचं कापड आणलं आणि सुनेने सांगितलं तसं सगळं शिवलं. घेर भरपूर ठेवला. दिसायला ते चांगलंच दिसत होतं.

तलावावर जाण्याआधी घालून बघावं म्हणून त्यांच्या घरामागे बोअरच्या पाण्याचा मोठा हौद होता तिथे आम्ही तिघी गेलो. काकी पायरीने छातीएवढ्या पाण्यात उतरल्या. उतरताच झगा पाण्यावर फुगून वर आला आणि त्यांच्या हनुवटीला लागला. त्यांनी हात मारायचा प्रयत्न केला, पण बाह्यांत पाणी भरलं होतं, हात उचलेना. दोन्ही हातांनी झगा खाली दाबत त्या उभ्या राहिल्या. बाहेर येऊ लागल्या तेव्हा लेगिंग ओघळून टाचांखाली आली होती. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पायरी चढताना पाय अडकून पडल्या असत्या, मी दंड धरला. चूक माझी होती, सुनेची नव्हती. कापड भिजल्यावर काय होतं हे शिवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

काकी हौदाच्या कठड्यावर बसून झगा पिळत होत्या. पिळता पिळता त्यांनी सांगितलं की त्यांचं माहेर खाडीकाठचं. लहानपणी भरतीच्या पाण्यात त्या पलीकडच्या काठाला हात लावून परत यायच्या, भावांच्याही पुढे. लग्न झाल्यावर पाण्यात उतरल्या नव्हत्या. सुनेला हे माहीत नव्हतं. घरात दहा वर्षं राहून कळलं नाही, असं ती नंतर मला म्हणाली.

त्या आठवड्यात आम्ही त्यांच्या गाडीने ठाण्याला गेलो. तिथे खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं. पुढे कॅरम बोर्ड आणि बॅटी, मागे भिंतीवर प्लॅस्टिकच्या पाकिटांत कॉश्च्युम टांगलेले. दुकानदार काकींकडे न बघता माझ्याशी बोलत होता. मोठ्या बायकांना हेच जातं, म्हणून त्याने बाह्यांचं, झग्याचं एक पाकीट काढलं. सुनेने लगेच ते घेतलं आणि दोन साइज मोठं मागितलं. मी तिला म्हटलं की सैल घेतलं तर हौदातलंच परत होईल, पाण्यात सैल कापड झाकत नाही, तरंगतं. तिला ते पटलं नाही. लोक काय म्हणतील, हे ती मोठ्याने म्हणाली नाही, पण तिच्या मनात तेच होतं. बॅचमध्ये ओळखीच्या बायका असल्या तर, एवढंच ती दोनदा म्हणाली.

तेव्हा काकींनी तिच्या हातातलं पाकीट घेऊन काउंटरवर ठेवलं.

"मना झाकाचा न्हाय," त्या म्हणाल्या. "मना पवाचा हाय."

पोहायचंच आहे म्हटल्यावर सुनेने ते पाकीट स्वतःच मागे सरकवलं. दुकानदारही मग पाकिटं एक एक करून उघडायला लागला.

मी माझ्या पद्धतीने बघायला सुरुवात केली. पाठीवर पट्ट्या एकमेकींवरून जाणारा कॉश्च्युम बाजूला ठेवला, रुंद खांदे त्यात अजून रुंद दिसतात. पट्ट्या सरळ आणि दोन बोटं रुंद हव्या होत्या, म्हणजे छातीचा भार खांद्यात रुतणार नाही. आतून छातीला दुहेरी कापड हवं. कमरेला आडवी पट्टी किंवा झालर नको, तिथे आधीच भरलेलं होतं. शेवटी एक गडद निळा मिळाला. बगलेपासून खाली दोन्ही बाजूंनी काळे पट्टे गेलेले, त्यामुळे मधलं अंग अरुंद दिसायचं. खाली मांडीच्या अर्ध्यावर येणारी घट्ट चड्डी. ताणून बघितला, सोडल्यावर कापड जागेवर आलं.

घालून बघायची परवानगी नव्हती. मी खूप विनवल्यावर दुकानदाराने मागची खोकी ठेवायची खोली दिली आणि आतल्या कपड्यांवरून घालायला सांगितलं. मी काकींसोबत आत गेले. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांचे पाय मीच त्यात घातले. त्या खोलीत भिंतीला टेकवलेला एक आरसा होता. काकी त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना गळ्याबद्दल किंवा पोटाबद्दल काही विचारायचं असेल असं मला वाटलं.

"पाय बरे हायेत ना माजे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चांगले आहेत. मला खोटं बोलावं लागलं नाही. इतकी वर्षं त्यांची मापं माझ्या वहीत होती, पण त्या उन्हाळ्यापर्यंत ती कमरेपर्यंतच होती.

पहिल्या दिवशी मी दुकान बंद ठेवून त्यांच्यासोबत गेले. वीसेक बायका होत्या, बहुतेक कठड्याला धरून पाय मारत होत्या. शिकवणारी मुलगी काकींना म्हणाली, आजी, तुम्ही काठाची दांडी सोडू नका. काकींनी मान हलवली, थोडा वेळ दांडी धरली, मग सोडली. मान पाण्याबाहेर ठेवून, एका कुशीवर झुकून, लांब हात टाकत त्या पलीकडे गेल्या. पाण्याचा आवाज जवळजवळ झाला नाही. शिकवणारी मुलगी काठाने त्यांच्याबरोबर चालत गेली. मी बघत होते ते मात्र कॉश्च्युमकडे. पट्ट्या घसरल्या नाहीत, पाठीला फुगा आला नाही. काकी कशा पोहतात हे मी परतीच्या खेपेला बघितलं.

गुडघे काही फार सुधारले नाहीत. दोन-तीन वर्षांनी त्यांचं ऑपरेशन झालंच. पण तोवर त्या आठवड्यातून तीनदा जात राहिल्या. क्लोरीनने निळा रंग विटला आणि पहिल्याच वर्षी रबर सैल पडलं, ते मी बदलून दिलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात सून एकटी दुकानात आली. पडद्यामागे गेली आणि तिथूनच म्हणाली की माझंही माप घ्या, पण आईंना सध्या सांगू नका. तिचं अंग वेगळं, वर बारीक, खाली भरलेलं. मी तिला सांगितलं की तू खाली गडद आणि वर काही नक्षी असलेला घे, गळा रुंद चालेल. ती म्हणाली, दुकानात तुम्हीच बोला, मला लाज वाटते. मी गेले.

त्यानंतर अशाच सात-आठ बायकांना घेऊन मी त्या दुकानात गेले असेन. दुकानदार मला ओळखायला लागला आणि मागची खोली न विचारता उघडून द्यायचा. मी स्वतः कधी पाण्यात उतरले नाही. काकींनी एकदा बोलावलं होतं, मी लग्नसराईचं काम आहे म्हणून सांगितलं. काम होतंच, पण तेवढंच कारण नव्हतं. मागच्या खोलीतल्या त्या आरशासमोर स्वतः उभं राहायचं धाडस मला झालं नाही.