अण्णांचा एकट्याचा घास

वडील गेल्याला काही महिने झाले. त्यांची हलतीचालती आठवण आमच्याकडं एकच आहे, मी कॉलेजात असताना केलेली छोटी फिल्म. तिच्यात एकही शब्द नाही. गोष्ट साधी होती: बायको गेल्यावर एक म्हातारा पहिल्यांदा एकटा जेवायला बसतो. सरांची अट अशी की चेहऱ्याचा शॉट मधे न कापता घ्यायचा, आणि माणूस बोलताना दिसला तर फिल्म नापास. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी ती द्यायची होती.

हाताशी असलेला नट एकच, आमचे अण्णा. गारखेड्यातल्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्यांना ताट वाढून बसवलं. एका मित्राकडं कॅमेरा होता, दुसऱ्यानं उजेड परतवायला थर्माकोलचा तक्ता धरला होता. या दोघांच्या मागं आई भाकरी थापत होती. गोष्टीत आपण मेलेलो आहोत हे तिला तेव्हाच कळलं.

"मी इथं गॅसपुढं घाम गाळतेय, अन् हे तिथं विधुर," ती म्हणाली. "जितेपणीच उरकलंत व्हय मला."

अण्णांनी घास मोडला, सावकाश उचलला. चेहरा फार छान दिसत होता. मग त्यांची नजर कॅमेऱ्यामागच्या मित्रावर गेली आणि ते म्हणाले, "या जेवायला."

पुन्हा घेतलं. या वेळी त्यांनी थर्माकोलवाल्याला बोलावलं.

"अण्णा, खोलीत कुणीच नाही असं समजा."

"कसं समजू? लोकाचं पोरगं समोर उभंय. त्याच्यादेखत गिळू व्हय?"

"तो जेवून आलाय."

मित्र प्रामाणिक होता. "नाय काका," तो म्हणाला, "सकाळपास्नं चहावरच हाय."

अण्णांनी आपलं ताट त्याच्यापुढं सरकवलं.

"लग्न झाल्यापासून बघतेय," आई मला म्हणाली, "ह्यांना कुणाला सोडून घास उतरला नाय. तुझ्या कॅमेऱ्यासाठी आता शिकणार व्हय?"

खिडकीतलं ऊन उतरत चाललं होतं. माझं वर्ष त्याच्याबरोबर उतरताना मला दिसत होतं. शेवटी आईनंच मार्ग काढला. कॅमेरा पिठाच्या डब्यावर बसवला, थर्माकोल खुर्चीला टेकवला, आणि चौकटीबाहेर आम्हा सगळ्यांना ताटं वाढली. आम्ही मुकाट्यानं जेवू लागलो. अण्णांनी प्रत्येकाच्या ताटात भाकरी पडली का ते पाहून घेतलं. मग जेवले, अवाक्षर न काढता.

सरांनी पास केलं. शेरा मात्र मारला: "हा माणूस एकटा वाटत नाही. पंगतीत बसल्यासारखा जेवतो आहे."

तेराव्यानंतर पैठणची आत्या आमच्याकडं राहिली होती. तिला भावाला बघायचं होतं, म्हणून मी मोबाइलवर फिल्म लावून दिली. तिनं फोन आधी डोळ्यांजवळ धरला, मग कानाला लावला.

"आवाज वाढव की."

"आवाजच नाही आत्या त्यात. अण्णा गप्प बसलेत."

"कोण? आमचा भाऊ?"

तिनं शेवटपर्यंत नीट पाहिलं. मग पदरानं डोळे पुसून फोन माझ्या हातात दिला.

"बिघडलाय तुझा फोन," ती म्हणाली. "उद्या दुकानात दाखवून आण."